लग्नाच्या डीव्हीडींसाठी प्रोसेसर: सहा कोअर पुरे

लग्न, मुंज, बारसं यांच्या डीव्हीडींचा ढीग हार्डडिस्कवर घ्यायचाय आणि त्यासाठी स्वस्तातला पीसी असेंबल करायचाय, असं दुकानात सांगितलं की समोरून आधी प्रोसेसरच निघतो. पण यात कामं दोन आहेत, डिस्क कॉपी करणं आणि मग व्हिडिओ कन्व्हर्ट करणं, आणि प्रोसेसरची गरज त्यातल्या एकालाच आहे.

डिस्क कॉपी करणं हे ड्राइव्हचं काम. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. १६एक्सचा ड्राइव्ह २२ एमबीपर्यंत जातो, पण फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला. वाचायला सुरुवात आतून होते आणि तिथे वेग निम्म्याहून कमी असतो. भरलेली ४.७ जीबीची डिस्क निदान पाच मिनिटं खाणारच, मग आत पेंटियम असो की आय९. काही ड्राइव्ह तर व्हिडिओ डिस्क दिसली की वेग मुद्दाम कमी ठेवतात. ओरखडे असले तर ड्राइव्ह तोच सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) परत परत वाचत घरघरत बसतो. याला पीसी हँग झाला असं समजून रीसेट दाबू नका.

अशा डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा काढणारं सॉफ्टवेअर) वापरा. ब्लॉक २०४८ बाइटचा ठेवा. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून पुढे जाऊ द्या, दुसऱ्या फेरीत तेवढ्याच भागावर तीन प्रयत्न. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल जपून ठेवा, कारण एका ड्राइव्हला न वाचलेले सेक्टर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला पुष्कळदा वाचता येतात आणि काम तिथूनच पुढे चालू होतं. म्हणून महागड्या प्रोसेसरऐवजी दोन वेगवेगळे ड्राइव्ह घ्या. कॅबिनेट घेताना ड्राइव्हचा सव्वापाच इंची खण आहे ना, तेवढं बघा; काचेच्या नव्या कॅबिनेटमध्ये तो बहुधा नसतोच.

आता कन्व्हर्जन, म्हणजे डिस्कवरचा व्हिडिओ लहान फाइलमध्ये बदलणं. इथे प्रोसेसर खरोखर घासला जातो. एक्स२६४ आणि एक्स२६५ या दोन्ही एन्कोडरना (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरना) एव्हीएक्स२ सूचनांचा (एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरमधल्या आज्ञांचा) मोठा फायदा होतो, आणि सेकंडहँड बाजारात फसगत होते ती इथेच. जी४५६० आणि जी५४०० या लोकप्रिय पेंटियममध्ये एव्हीएक्स२ नाही. दुसऱ्या पिढीच्या आय७-२६०० मध्येही नाही, नाव कितीही भारदस्त असलं तरी. रायझन ३ ३२००जी नावाने ३००० मालिकेतला, पण आतून जुना झेन-प्लस: एव्हीएक्स२ची सूचना दोन तुकडे करून चालवतो, शिवाय कोअर चार आणि थ्रेडही (एकाच वेळी चालणारी कामं) चारच.

घ्यावं काय? नवीन घेत असाल तर आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी. दोन्हीत सहा कोअर, बारा थ्रेड. आय५ घेताना मागे 'एफ' नसलेलाच मागा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विकसिंकही (ग्राफिक्समधला व्हिडिओ एन्कोडर) नाही आणि वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर चित्रही नाही. बजेट फारच ताणलेलं असेल तर ऑफिसमधून निघालेला आय५-८५०० चालेल, सहा कोअर सहा थ्रेड. मात्र चपट्या ऑफिस पीसीत लॅपटॉपवाला स्लिम ड्राइव्ह असतो, तो साधारण ८एक्सचाच. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या, विषय संपला.

आठ-बारा कोअर का नकोत? कारण चित्रच लहान आहे. आपल्याकडच्या पाल (टीव्हीची पद्धत) डीव्हीडीची फ्रेम ७२० बाय ५७६. एक्स२६५ ती ६४ पिक्सेल उंचीच्या ओळींत कापतो. ५७६ भागिले ६४ म्हणजे नऊच ओळी. एका फ्रेममध्ये त्याहून जास्त हात गुंतवायला जागाच नाही, त्यामुळे बरेचसे कोअर बसून राहतात. जास्त कोअर हाताशी असलेच तर हँडब्रेक या कन्व्हर्जनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी दोन डिस्क लावा.

क्विकसिंक भराभर उरकतं, पण त्याच दर्जासाठी फाइल मोठी होते. मूळ डिस्क एकदाच कन्व्हर्ट करून टाकायची असेल तर सॉफ्टवेअर एन्कोडच बरा: एक्स२६४, प्रीसेट स्लो, आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८ ते २०. कॅमकॉर्डरचं चित्रण इंटरलेस्ड असतं, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. नुसतं कन्व्हर्ट केलं तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकमधला दाते काढणारा डीकॉम्ब फिल्टर बॉबवर (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) ठेवा आणि ५० फ्रेम राहू द्या. हालचाल मऊ राहते. फ्रेम दुप्पट म्हणून वेळही जवळपास दुप्पट, सहा कोअर लागतात ते यासाठी. एनएलमीन्सचा नॉइज फिल्टर मात्र सरसकट लावू नका, तो एकटाच वेग पार बसवतो.

डिस्कवरच्या व्हीओबी फाइल (व्हिडिओ यांतच असतो) सुट्या कन्व्हर्ट करू नका. त्या एकाच चित्रणाचे जीबी-जीबीचे तुकडे असतात, जोडाशी आवाज मागेपुढे होतो. हँडब्रेकला अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या.

राहिला उष्णतेचा भाग. गेमिंगमध्ये प्रोसेसरला अधूनमधून उसंत मिळते, एन्कोडमध्ये तासन्‌तास नाही. आय५-१२४०० टर्बोत (कमाल वेगात) ११७ वॅटपर्यंत ओढतो. मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या खोलीत प्रोसेसरसोबत आलेला कूलर आणि हीटसिंक नसलेला स्वस्तातला एच६१० मदरबोर्ड यांचा टिकाव लागत नाही. प्रोसेसरचा वेग खाली येतो आणि रात्री कन्व्हर्जनला लावलेली डिस्कची रांग सकाळीही अर्धीच झालेली असते. बायॉसमध्ये पॉवर लिमिट ६५ वॅटवर बांधा. वेग थोडा जाईल, पण रांग पुरी होईल.