गोळीनं थांबलं होतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. अक्काच्या दुखण्याची हकीकत ज्यांच्या कानावर गेली आहे, त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो: "पहिल्यांदा दुखलं तेव्हा होमिओपॅथीच्या गोळीनं थांबलं होतं ना? मग आम्हीही आधी गोळ्या घेऊन बघू का?" गेल्या आठवड्यात विश्रामबागेतल्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. सुनेच्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीला ४ मिलिमीटरचा फुगा दिसला होता. ॲन्युरिझम. काकूंनीही हेच विचारलं.

हो, थांबलं होतं. आमचा घात तिथंच झाला.

अक्का माझी थोरली बहीण. तासगावकडं दिलेली, घरची द्राक्षबाग. अर्धशिशी तिला तिशीपासूनच. महिन्या-दोन महिन्यांनी डोकं चढायचं, मग दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. त्यासाठी ती सांगलीतल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून साबुदाण्यासारख्या गोळ्या न्यायची. माणूस सज्जन, निवांत ऐकून घेणारा. त्यामुळं आमच्या घरात कुणाचंही डोकं दुखलं की हात त्या बाटलीकडंच जायचा.

त्या रविवारी ती माझ्याकडं आली होती. आरशासमोर वेणी घालता घालता दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली. "मागनं कुणी दगड घातल्यागत झालं गं," एवढंच बोलली. एक उलटी झाली. मी बेलाडोनाच्या चार गोळ्या जिभेवर ठेवल्या. दोन-तीन तासांत दुखणं उतरलं, रात्री ती आमटी-भाकरी जेवलीसुद्धा. मान आखडली होती, त्याचा दोष आम्ही उशीला दिला. "गुण आला बघ," मी म्हणाले. ते वाक्य मला आजही टोचतं.

नवव्या दिवशी पहाटे दाजींचा फोन आला. अक्का न्हाणीत कोसळली होती. डोकं फुटतंय म्हणून ओरडली आणि पडली. शुद्धीवर आली, पण गुंगीत होती, डोळ्यांवर उजेड सहन होत नव्हता. आणि मी सवयीनं फोन लावला तो त्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाच, कुठली गोळी देऊ म्हणून. त्यांनी एकच विचारलं, "दुखणं चढत गेलं, की एकदम आलं?" एकदम, मी म्हटलं. "मग तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. तडक मिरजेला न्या. डोक्याचा सीटी स्कॅन आधी." डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भागात दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' हेच तोंडात येतं. पण ते एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी, क्षणाचा विचार न करता म्हणावं, याचं मोल मला नंतर कळलं.

सीटीत मेंदूच्या तळाशी रक्त पांढरं दिसत होतं. तिथं धमन्यांचं एक कडं असतं. त्याला जिथं फाटे फुटतात, तिथली भिंत कुठं दुबळी झाली की रक्ताच्या दाबानं फुगा धरतो आणि प्रत्येक ठोक्याला ताण घेत राहतो. अक्काचा फुटला होता. न्यूरोसर्जननी आधीच्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा मी रविवारचं सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशी थोडं रक्त पाझरून गुठळीनं बंद झालं असणार. मोठा स्फोट होण्याआधी काही जणांना असा इशारा मिळतो आणि तो आपला आपण विरतो.

म्हणजे त्या दिवशी मी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या असत्या, तर श्रेय त्यांना गेलं असतं.

कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावली. काहींना जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, भरतात. अक्काच्या फुग्याचा आकार त्याला सोयीचा नव्हता. पुढं रक्तवाहिन्या आकसण्याची भीती, साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत. त्यासाठी निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, २१ दिवस. शेवटचे चार दिवस ती घरी होती. रात्री बारा आणि पहाटे चारचा गजर लावून मी त्या दिल्या. अक्का वाचली. रक्त फुटलेल्यांतले पुष्कळजण वाचत नाहीत.

आता काकूंच्या सुनेचं. तिचा फुगा फुटलेला नाही. शंभर मोठ्या माणसांत साधारण तिघांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. म्हणून डॉक्टर आकार, जागा, वय, रक्तदाब, धूम्रपान, घरातल्या कुणाला होता का, हे सगळं पाहून ठरवतात आणि कित्येकदा काही न करता ठरावीक काळानं पुन्हा स्कॅन सांगतात. मला भीती वाटते ती इथंच. सुनेनं गोळ्या सुरू केल्या, पुढच्या स्कॅनमध्ये फुगा ४ मिलिमीटरच निघाला, तर घरात काय म्हणतील? "गुण आला." मग रक्तदाबाची गोळी सुटेल, स्कॅनची तारीख टळेल. गोळ्यांशिवायही तो बहुधा तेवढाच राहिला असता, हे कुणाच्या मनातही येणार नाही.

होमिओपॅथीतली ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं औषध. बाराव्या वेळेच्या पुढं मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची आशा नसते. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले. होमिओपॅथी नक्की उपयोगी पडते असा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी मिळाला नाही. दुबळी झालेली धमनीची भिंत त्या गोळीनं सांधली जाईल, असं मी कुणालाही सांगणार नाही.

डोकं किती दुखतंय हे विचारत बसू नका. अक्कानं अर्धशिशीत याहून वाईट रात्री काढल्या होत्या. कसं सुरू झालं ते विचारा. मिनिटभरात कळस गाठणारं दुखणं, त्यासोबत उलटी, आखडलेली मान, झटका किंवा शुद्ध हरपणं, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा. आणि दुखणं उतरलं तरी जा. एक पापणी अचानक खाली आली, एकाची दोन माणसं दिसू लागली, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत असू शकतो. तेव्हाही त्याच दिवशी जायचं.

काकूंना मी फोनवरच विचारलं, "सुनेची पापणी बघितलीत का?" त्यांनी फोन तसाच ठेवून तिला उजेडात बोलावलेलं मला ऐकू आलं. "नाही गं, दोन्ही सारख्याच आहेत," काकू परत येऊन म्हणाल्या. गुरुवारी मिरजेला न्यूरोसर्जनना दाखवायचं ठरलंय. रक्तदाबाच्या नोंदींची वही सोबत घ्यायला सांगितली आहे. मी जाणार आहे त्यांच्याबरोबर, अक्काही येते म्हणालीय.