पित्ताची गोळी सोडताना

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, जठरातलं आम्ल दाबणारी गोळी. चार वर्षं. मुळात डॉक्टरांनी ती चौदा दिवसांसाठी दिली होती. पुढे कोथरूडच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पट्टी देत गेला आणि मी घेत गेले. चिठ्ठी ना त्याने मागितली, ना मी दाखवली.

गेल्या हिवाळ्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व निघालं १६८, म्हणजे कमी. डॉक्टरांनी आधी गोळ्यांचीच चौकशी केली. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, तेच मी रोज दाबत होते. त्यात मी शाकाहारी. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर मॅग्नेशियमही उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला होता. हे मला दुकानात कुणीतरी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

घाबरून मी त्याच दिवशी गोळी बंद केली. मोठी चूक. तिसऱ्या रात्री छातीत असा जाळ, की दोन वाजता उशीला टेकून बसून राहिले. दाबलेलं आम्ल एकदम उसळतं, म्हणून ती हळूहळू सोडायची असते. मग डॉक्टरांनी ठरवून दिलं: दोन आठवडे २०, नंतर एक दिवसाआड, मध्ये जळजळ झालीच तर पातळ अँटासिड. बी-१२ची इंजेक्शनं वेगळी. रात्रीचं जेवण दहावरून साडेसातला आणलं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. विटांनी खरंच फरक पडला.

मैत्रिणीने प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपकारक जिवाणूंच्या, महागड्या कॅप्सूल सुचवल्या. डॉक्टर म्हणाले, पित्तासाठी त्यांचा पुरावा तोकडा आहे. दही पचतं ना, मग दुपारी वाटीभर खा. आईने लगेच आठवड्यातून तीनदा कढी सुरू केली. तिला सांगावं लागलं, अगं, उकळलं की त्यातले जिवाणू मरतात. आता विरजण माझ्याकडे आहे: कोमट दूध, चमचाभर कालचं दही, आणि थंडीत पातेल्याभोवती जुना टॉवेल.

बाबांनीही माझं बघून आपली गोळी सोडायचा विचार केला होता. त्यांना स्टेंट आहे, रोज ॲस्पिरिन चालू आहे. डॉक्टरांनी बजावलं, यांची पित्ताची गोळी ॲस्पिरिनमुळे होऊ शकणारा पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, ती बंद करायची नाही. ती मीच रोज सकाळी त्यांच्या हातावर ठेवते.