खिडकीतला खोडवा

माझं माहेर प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आई-आप्पांना आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्याकडं आणलं. ऊस सगळा पाण्याखाली गेलेला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, त्यामुळं मंडईत भाजी येईना, पंपावर पेट्रोल मिळेना. बाहेर एवढं पाणी आणि आमच्या नळाला थेंब नाही, कारण उपसा करणारे पंपच पुरात बुडालेले. त्या दिवसांत आप्पा फारसं बोलत नव्हते. सकाळी उठायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायचे.

घरात पातीच्या कांद्याची शेवटची जुडी होती. ती चिरून मी मुळांकडचे पांढरे बुडखे कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "कशाला टाकतीस गं? खोडवा ठेव की त्याचा."

ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. लागणीचा ऊस तोडून नेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना नवे फुटवे येतात. त्यांच्यापासून येणारं पीक म्हणजे खोडवा. नवं बेणं नाही, नवी लागण नाही. खोडव्याच्या मागनं पुन्हा ठेवला तर तो निडवा.

आप्पांनी पाच बुडखे फुलपात्रात उभे केले. मुळ्या भिजतील एवढंच पाणी घातलं, तेही पागोळीखाली बादली लावून धरलेलं. रोज सकाळी ते स्वतः पाणी बदलायचे. तिसऱ्या दिवशी मधल्या गाभ्यातून हिरवी टोकं वर आली. नवव्या दिवशी ती पात कापून मी पिठल्यात घातली. पाच कांद्यांची पात ती केवढी असणार, पण आप्पांनी त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा मागून भात घेतला. पाणी ओसरल्यावर ते गावी गेले, तेव्हा शिवारभर कुजलेल्या उसाचा वास होता.

तेव्हापासून भाजी निवडताना माझी नजर आधी डोळ्याकडं जाते. उसाची टिपरी लावताना डोळा बघतात, तसंच. आल्याला डोळा असतो, बटाट्याला असतो, अळूच्या कांद्याला असतो. पुदिन्याच्या काडीला तो पेरावर असतो, पातीच्या कांद्याला मुळ्यांच्या वर, बुडाच्या चकतीत. तो भाग हाताशी राहिला तर पुढचं जमतं. म्हणून कांद्याची पात चिरताना मुळांच्या वर दोन बोटं अंतर सोडते. अगदी बुडाशी कापली तर नुसत्या मुळ्या हातात राहतात, त्यांना काही फुटत नाही.

पाण्यावरच्या पातीची पहिली कापणी जोमाची येते. दुसरी बरी. तिसरीला पात दोऱ्यासारखी बारीक होते आणि बुडखा मऊ पडून वास मारायला लागतो. मला आधी वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. आप्पांना फोन केला तर म्हणाले, "निडव्याला खत नको व्हय? नुसत्या पाण्यावर किती दिवस काढंल ते?" पांढऱ्या बुडात साठवलेलं अन्न संपलं की पाण्यात घेण्यासारखं फारसं काही नसतं. आता पहिली कापणी झाली की बुडखे मातीत लावते. दोन भाग माती, एक भाग शेणखत, आणि वरून आप्पांनी पोत्यात भरून पाठवलेलं उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे पाचट कुंडीची ओल धरून ठेवतं आणि पुढं कुजून त्याचं खतही होतं. खोडव्यातलं पाचट जाळू नये ते याचसाठी.

फुलपात्रातलं पाणी रोज बदलायचं, यात मी कधी सूट घेत नाही. मुळ्या कुजू नयेत म्हणून तर खरंच, पण पावसाळ्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एका पावसाळ्यात डेंगीनं अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हापासून खिडकीत एका वेळी दोनच भांडी ठेवते.

पुदिना सगळ्यात सोपा. जाड काडी घ्यायची, खालची पानं काढायची, एक-दोन पेरं पाण्यात बुडवायची. आठवडा-दहा दिवसांत पेरापासून पांढऱ्या मुळ्या सुटतात. फक्त त्याला वेगळी कुंडी द्यावी, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

कोथिंबिरीनं मात्र मला फार दमवलं. कपिलतीर्थ मंडईत जुडी मुळांसकट मिळते, म्हणून मी सहा-सात वेळा ती मुळं लावून पाहिली. काही सुकली, दोन जगली आणि लगेच फुलावर आली. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, एकदा उपटल्यावर ते पुन्हा नीट धरत नाही. त्यापेक्षा डब्यातले धणे घ्या. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून वाटीच्या बुडानं हलकेच रगडून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. धणे फार जुने नसले तर दहा-बारा दिवसांत उगवतात. मटणाच्या दिवशी मूठभर ताजी कोथिंबीर खिडकीतून काढून रश्श्यावर घालायची, यासारखं सुख नाही.

लसणाच्या ज्या पाकळ्यांना कोंब आलेत, त्या दिवाळीच्या सुमाराला लावते. गड्डा धरायची वाट बघत नाही, पातच कापते. लसणाच्या पातीचा खर्डा आणि गरम भाकरी हे आमच्या घरचं थंडीतलं जेवण.

आल्यासाठी थांबण्याची तयारी लागते. मिरगाच्या आधी, मेच्या शेवटी, दोन डोळे असलेला ताजा टपोरा तुकडा घ्यायचा, कापलेली बाजू दिवसभर सुकू द्यायची आणि बोट-दीड बोट खोल लावायचा. पहिल्या वर्षी मी रंगाच्या डब्यात लावलं आणि जुलैच्या झडीत ते सगळं कुजलं. उकरलं तेव्हा हाताला पिवळा लगदा लागला. डब्याची भोकं मातीनं बुजली होती. आता तळाला विटांचे तुकडे घालते आणि जोराचा पाऊस असला की डबा आडोशाला ओढते. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून झोपली की काढते. यंदा दोन तुकड्यांचं पाऊण किलो निघालं, तेही हातानं माती झाडत काढलेलं.

गाजराचा शेंडा लावून गाजर येत नाही, एवढं स्पष्ट सांगायला हवं. गाजर म्हणजे त्या झाडाचं मूळ, ते आपण खाऊन बसलो. शेंड्याला येतो तो पाला. मुळ्याचंही तेच, पण मुळ्याचा शेंडा मी कधीच टाकत नाही. दोन बोटं मुळा ठेवून शेंडा मातीत लावला की तो दांडा काढतो, पांढरी-जांभळट फुलं येतात आणि मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात! एकच शेंडा लावला तर बहुतेक फुलं झडतात, कारण मुळ्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणून तीन-चार शेंडे एकाच पसरट कुंडीत लावते. फुलं आली की मधमाश्या खिडकीपर्यंत येतात.

आत्यांना डिंगऱ्यांची भाजी फार आवडते आणि मंडईत ती क्वचितच दिसते. शेंगा कोवळ्या असतानाच तोडायच्या, बोटांनी सहज मोडायला हव्यात. मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून वरून शेंगदाण्याचं कूट. गेल्या आठवड्यात पहिला तोडा निघाला, दोन वाट्या भरून. एक वाटी आत्यांना केली, दुसरी डब्यात भरून चिखलीला नेली. आप्पांनी जेवताना एक डिंगरी उचलून बघितली आणि विचारलं, "बुडखा किती ठेवलावतास?"