दर्शन लिहिण्याआधी वाचलेली इतिवृत्ते

आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) आपले दर्शन (व्हिजन), मूल्ये आणि सेवाकार्य लेखी स्वरूपात मांडण्यासाठी एक लहान समिती नेमली, आणि तिच्यात माझाही समावेश झाला. पहिल्याच बैठकीत तासाभरात आमचे वाक्य तयार झाले: आम्ही देवावर प्रीती करणारी, परस्परांची काळजी वाहणारी आणि सुवार्ता सर्वांपर्यंत पोहोचवणारी मंडळी आहोत. त्या वाक्यात चुकीचे काहीच नव्हते, पण ते जगातील कोणत्याही मंडळीला जसेच्या तसे लावता आले असते. आमच्यातील एका ज्येष्ठ भगिनींनी शांतपणे सुचवले की, आपण काय आहोत हे लिहिण्यापूर्वी आजवर आपण काय करत आलो ते वाचावे. मागील दहा वर्षांची इतिवृत्ते आणि हिशेबवह्या वाचण्याचे काम मी मागून घेतले.

ते वाचन मला जड गेले. इमारतीची दुरुस्ती जवळजवळ प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर होती आणि तिच्यावर सविस्तर चर्चा झालेली होती. आजारी आणि एकाकी सभासदांच्या भेटींचा विषय मात्र बहुतेक वेळा शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय' या शीर्षकाखाली आलेला होता आणि पुष्कळदा वेळेअभावी पुढे ढकललेला होता. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. छप्पर गळते तेव्हा ते सर्वांना दिसते. उपासनेला येणे हळूहळू थांबवलेला माणूस मात्र सहजासहजी लक्षात येत नाही. तरीही आमची खरी मूल्ये त्या वह्यांत आधीच लिहिली गेली होती आणि समितीच्या वाक्याशी त्यांचा मेळ बसत नव्हता.

तेव्हापासून मी 'दर्शन' या शब्दाचा वेगळ्या अंगाने विचार करू लागलो. मराठीत दर्शन होते, दर्शन घडते, दर्शन दिले जाते; दर्शन 'तयार करणे' हा प्रयोग कानाला खटकतो, आणि तो खटकावा हेच योग्य आहे. मंडळीच्या दर्शनाविषयी बोलताना नीतिसूत्रे 29:18 हे वचन नेहमी पुढे केले जाते, आणि दर्शनाअभावी लोक भरकटतात एवढाच त्याचा अर्थ घेऊन पुढील पाच वर्षांच्या वाढीची योजना आखली जाते. तेथील मूळ हिब्रू शब्द 'हाझोन' हा संदेष्ट्यांना होणाऱ्या दर्शनाचा शब्द आहे. यशयाच्या ग्रंथाची सुरुवातच त्या शब्दाने होते. शिवाय त्याच वचनाचा उत्तरार्ध नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. म्हणजे तेथे भविष्याच्या आराखड्याबद्दल बोलणे नसून देवाचे वचन ऐकणे आणि त्याप्रमाणे चालणे याबद्दल आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातही हाच शब्द येतो: त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते आणि दर्शने वारंवार होत नव्हती. मग बालक शमुवेलाला जे ऐकू आले ते ज्या घरात तो वाढत होता त्या याजक एलीच्याच घरावर येणाऱ्या शिक्षेविषयी होते, आणि सकाळी ते एलीला सांगण्याची त्याला भीती वाटली. दहा वर्षांची इतिवृत्ते समितीपुढे ठेवताना मला ती सकाळ वारंवार आठवत होती.

त्यानंतर आम्ही काही आठवडे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आलेल्या, सिरियातील अंत्युखिया नगराच्या मंडळीचा अभ्यास केला. आदर्श मंडळी म्हणून सर्वसाधारणपणे यरुशलेमेकडे, विशेषतः दुसऱ्या अध्यायातील शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टींकडे बोट दाखवले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण अंत्युखिया मला अधिक जवळची वाटते. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या मृत्यूनंतर उसळलेल्या छळामुळे विखुरलेल्या, मूळच्या कुप्र आणि कुरेने येथील काही माणसांनी तेथे ग्रीक लोकांनाही सुवार्ता सांगितली, आणि ती मंडळी उभी राहिली. त्या माणसांची नावेसुद्धा नोंदलेली नाहीत. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा तेथेच मिळाले. दुष्काळ पडणार असे अगब या संदेष्ट्याने सांगितल्यावर त्या तरुण मंडळीने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधुजनांसाठी मदत पाठवण्याचे ठरवले. त्यांनी आपल्या मूल्यांची यादी केल्याचा उल्लेख कोठेही नाही. मदत कोणाच्या हाती पाठवली, हे मात्र नावानिशी लिहिलेले आहे.

तेराव्या अध्यायात त्या मंडळीच्या पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे येतात: बर्णबा, शिमोन निग्र, कुरेनेकर लूक्य, मांडलिक हेरोदाचा दूधभाऊ मनाएन आणि शौल, म्हणजेच पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला. राजघराण्याच्या सावलीत वाढलेला माणूस आणि पूर्वी मंडळीचा छळ करणारा माणूस एकाच यादीत बसतात, हे मला फार मोलाचे वाटते. उपासना व उपास चालू असताना पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल यांना वेगळे करण्यास सांगितले, तेव्हा मंडळीने पुन्हा उपास आणि प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केले. पाचांपैकी दोन, आणि तेही ज्यांनी त्या मंडळीला वर्षभर शिकवले होते ते. आपल्या सर्वोत्तम शिक्षकांना दुसऱ्यांसाठी सोडून देण्याची तयारी आमच्यात आहे का, हा प्रश्न समितीत विचारला गेला तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

मात्र अंत्युखियाला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याच नगरातील एक कटू प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही जण आल्यावर तो भीतीने मागे सरला, इतर यहूदी त्याच्यामागून गेले आणि बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला, कारण शिकवण न बदलताही पंक्तीतून उठून जाण्याने सुवार्ता नाकारली जात होती. कोणाशेजारी बसायचे आणि कोणाशेजारी नाही, यात मंडळीची मूल्ये जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असतील. हे केवळ इतरांबद्दल म्हणत नाही. उपासना संपल्यावर मी स्वतः वर्षानुवर्षे त्याच चार ओळखीच्या कुटुंबांशी बोलत आलो आहे.

सेवाकार्याबद्दल आमच्यात सर्वाधिक मतभेद झाले. काहींना सुवार्ताप्रसार प्रथम हवा होता, काहींना गरजूंची सेवा. 'मिशन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ पाठवणे असा आहे, आणि ईश्वरविज्ञानात तो आधी पित्याने पुत्राला व पवित्र आत्म्याला पाठवले या अर्थाने वापरला जात असे. 1952 मध्ये जर्मनीतील विलिंगेन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या सभेनंतर ही जुनी जाणीव पुन्हा ठळक झाली, आणि 'मिस्सिओ देई', म्हणजे देवाचे मिशन, हा शब्दप्रयोग रूढ झाला. सेवाकार्य जर मुळात देवाचे असेल, तर त्यातील कोणता भाग आपल्या मालकीचा यावरून भांडण्यात अर्थ राहत नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात डोंगरावर जमलेल्या अकरा शिष्यांपुढे सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची महाआज्ञा दिली जाते, त्याच्या अगदी आधी काहींना संशय वाटला असे लिहिले आहे. आणि ज्यांना संशय वाटला त्यांना वगळून आज्ञा दिली गेली नाही. आमच्यातील दोन्ही बाजूंना या एका वचनाने बराच धीर दिला.

अखेरीस आम्ही पहिल्या बैठकीतील वाक्य फारसे बदलले नाही. बदलली ती विषयपत्रिका. प्रार्थनेनंतरचा पहिला विषय आता भेटींचा असतो: या महिन्यात कोण आले नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, आणि त्यांच्याकडे आपल्यापैकी कोण गेले. पहिल्या दोन बैठकांत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणीही नाही' असे होते, आणि तेही तसेच इतिवृत्तात लिहावे असा आग्रह त्या ज्येष्ठ भगिनींनीच धरला. तिसऱ्या बैठकीत तीन नावे लिहिली गेली. छपराचा विषय त्यानंतर आला, आणि त्यासाठीही वेळ पुरला.