शेवट आधी कळला तर बिघडलं कुठे?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचं मला वेड आहे हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. नवा भाग बघून होईपर्यंत मी त्याबद्दल कुणाला अवाक्षर काढू देत नाही, हेही माहीत आहे. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ऑफिसात चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. “रामायणात पुढे काय होणार हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तरी कीर्तनाला बसतोच ना? मग तुझ्या त्या मालिकेत कोण मरतं नि कोण परत येतं हे दोन दिवस आधी कळलं तर बिघडलं कुठे?”

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून एकदा नीट उत्तर देते. त्याआधी एक सांगून ठेवते: २००५ ते २०१७ या काळातल्या काही भागांची गुपितं खाली उघड झालेली आहेत. ज्यांना ही मालिका पुढेमागे बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं, हा लेख कुठे जात नाही.

ज्यांनी ती पाहिलेली नाही आणि बघायचीही नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. जुन्या ब्रिटिश पोलीस चौकीच्या निळ्या खोक्यासारखं दिसणारं त्याचं यान काळातून मागेपुढे जातं. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट ती भूमिका घेतो. या बदलाला म्हणतात रीजनरेशन. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर पहिला भाग लागला, १९८९ मध्ये मालिका बंद झाली आणि २००५ मध्ये पुन्हा नव्या दमानं सुरू झाली.

त्या पुनरागमनाची सुरुवातच गुपित फुटण्यानं झाली. नव्या मालिकेचा पहिला भाग लागायचा होता २६ मार्च २००५ ला, आणि त्याच महिन्यात तो इंटरनेटवर आधीच फिरत होता. तो लागून चार दिवस होतात न होतात तोच बातमी आली की डॉक्टर झालेला क्रिस्टोफर एकल्स्टन एवढ्या एकाच वर्षानंतर मालिका सोडणार. त्या पर्वाचा अखेरचा, १८ जूनचा भाग प्रेक्षकांना धक्का देण्यासाठी लिहिलेला होता. धक्का मार्चमध्येच बसून गेला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, तो जूनमधला भाग तरीही उत्तम आहे. मी तो सगळं माहीत असताना पाहिला आणि रडले. त्यानंतरही कितीदा तरी पाहिला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चांगल्या भागाची गोष्ट आधी कळली म्हणून भाग पडत नाही. जातो तो आठवडा. एक भाग संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचा.

हे नीट कळायला २००८ सालचं उदाहरण घ्यावं लागेल. २८ जूनच्या भागात डॉक्टर एका ओसाड रस्त्यावरून रोझकडे धावत सुटतो. रोझ ही त्याची जुनी सोबतीण, कायमची दुरावलेली. ती समोर उभी आहे, आणि मधल्या चौकातून एक डॅलेक, म्हणजे यंत्राच्या कवचातला त्याचा जुना शत्रू, त्याच्यावर गोळी झाडतो. सोबतचे त्याला कसंबसं यानात नेतात. त्याच्या हातातून सोनेरी प्रकाश निघायला लागतो, रीजनरेशन सुरू होतं, आणि भाग संपतो. डेव्हिड टेनंट तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर. तो जाणार असल्याची कुठेही बातमी नव्हती. पुढचा भाग ५ जुलैला. मधल्या दिवसांत ब्रिटनभर लोक एकमेकांना एकच विचारत होते: चेहरा बदलणार का?

माझा मावसभाऊ, दादा, तिकडे असायचा. मला ते भाग ब्रिटिश प्रेक्षकांबरोबर बघायला मिळायचे नाहीत, तो डीव्हीडी घेऊन यायचा. त्या डिस्कवर हा भाग होता आणि पुढचाही. मी पहिला पाहिला आणि दुसरा लावलाच नाही. आठवडाभर मुद्दाम थांबले. दादाला शेवट ठाऊक होता, तरी रोज रात्री तो माझे तर्क ऐकून घ्यायचा. नवा नट कोण असेल, रोझचं काय होईल. एकदा म्हटलं, “दादा, तो बरणीतला हात उगाच नाही ठेवलेला. त्याचा काहीतरी संबंध असणार.” २००५ च्या नाताळच्या भागात तलवारीच्या लढाईत डॉक्टरचा एक हात तुटतो, आणि तो तुटलेला हात पुढे काचेच्या बरणीत यानातच ठेवलेला असतो. दादा एवढंच म्हणाला, “असं वाटतं तुला? बरं. आणि मग रोझ एवढ्या लांबून आलीय कशाला, त्याचं काय?” त्याच्या आवाजावरून मला काडीचा पत्ता लागला नाही. पुढचा भाग लावला तेव्हा डॉक्टरनं रीजनरेशनची सगळी शक्ती त्या बरणीतल्या हातात सोडली आणि स्वतःचा चेहरा राखला. मी सोफ्यावरून ताडकन उठून ओरडले. दादानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं, तर मला तेच कथानक मिळालं असतं, पण ते मी शोधलेलं नसतं.

या मालिकेचे लेखक प्रेक्षकाला शोधायला लावतात, आणि ते काम महिनोन् महिने चालतं. माझ्या मते याचा सर्वांत सुंदर नमुना २००७ सालचा आहे. एप्रिलमध्ये एका भागात फेस ऑफ बो नावाचा प्राचीन जीव मरता मरता डॉक्टरला चार इंग्रजी शब्द सांगतो, “यू आर नॉट अलोन”. तू एकटा नाहीस. डॉक्टर तर आपल्या जमातीतला शेवटचा, मग हे कसं? उत्तर मिळत नाही, गोष्ट पुढे जाते. मे-जूनमधल्या एका जोडभागात डॉक्टर शत्रूपासून लपण्यासाठी आपली ओळख, आपली स्मृती एका खिशातल्या घड्याळात बंद करतो आणि साधा माणूस होऊन एका शाळेत मास्तरकी करतो. घड्याळ जवळच असतं, पण त्याला ते दिसूनही दिसत नाही. तो जोडभागही संपतो. मग १६ जूनला डॉक्टर विश्वाच्या अगदी अखेरच्या काळात जातो. तिथे एक दयाळू, थकलेला म्हातारा शास्त्रज्ञ भेटतो, प्रोफेसर याना. डेरेक जॅकोबीनं तो इतक्या मायेनं उभा केलाय की आपण लगेच त्याच्या बाजूचे होतो. आणि मग त्याच्या खिशातून एक घड्याळ बाहेर येतं.

तेच घड्याळ. त्यावरची तीच नक्षी.

पडद्यावर ते मार्था या सोबतिणीच्या लक्षात येतं, पण दोनच आठवड्यांपूर्वी तो जोडभाग पाहिलेल्या प्रेक्षकाच्या तिच्याआधी पोटात गोळा येतो. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की होतं ‘याना’. तू एकटा नाहीस म्हणजे हा आहे. आणि हा म्हणजे डॉक्टरचा सर्वांत जुना वैरी, मास्टर. हे सगळं उघड्यावर ठेवलेलं होतं. एप्रिलपासून जूनपर्यंत तुम्ही ते धागे कळत-नकळत खिशात घालून फिरत होतात, आणि एका क्षणी ते तुमच्याच हातून जुळले. ‘या भागात मास्टर परत येतो’ हे वाक्य आधी कानावर पडलं की ते सगळे धागे नुसती सजावट होऊन बसतात.

आता कीर्तनाचं. कीर्तनकार गृहीत धरूनच असतो की मंडपातल्या प्रत्येकाला कथा माहीत आहे. सोन्याचं हरीण दिसलं की आपल्या छातीत धस्स होतं ते पुढचं ठाऊक असल्यामुळेच. आख्यान रंगतं ते आपल्या माहितीवर. ‘याना’चा भाग लिहिणारा आपल्या अज्ञानावर तेवढ्याच विश्वासानं रचना करत असतो. दोघांनी श्रोत्याबद्दल काय धरून चाललंय ते वेगळं आहे, आणि मला वाटतं ऐकणाऱ्यानं, बघणाऱ्यानं त्याचा मान राखावा.

कुणीतरी मग संशोधन पुढे करतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथा वाचकांना दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा एकूणात जास्त आवडल्या. मी हा निष्कर्ष नाकारत नाही. पण त्या कथा एका बैठकीत वाचून संपणाऱ्या होत्या. त्यात आठवडाच नव्हता. शनिवारी सुटलेला प्रश्न घेऊन सोमवारी बसमध्ये बसायचं, मंगळवारी मैत्रिणीशी भांडायचं, गुरुवारी आपलंच मत फिरवायचं, हे त्या प्रयोगात कुठून येणार?

गुपित फोडणाऱ्यांबद्दल मला राग आहे, तसा गुपित राखणाऱ्यांबद्दल मनापासून आदर आहे. त्यातले २१० जण तर मी कधीच विसरणार नाही. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेत ज्यांनी त्या वर्षीच्या भागांच्या डिस्क आगाऊ मागवल्या होत्या, त्यातल्या २१० ग्राहकांना त्या चुकून वेळेआधी पोचल्या. त्यात १८ मे ला लागणारा शेवटचा भागही होता. डॉक्टरचं आजवर कुणालाच माहीत नसलेलं एक रूप आहे, आणि ते जॉन हर्ट साकारणार, हे त्यात शेवटच्या दृश्यात उघड होत होतं. पन्नासाव्या वर्षाचा सगळा डोलारा त्या दृश्यावर उभा. बीबीसीनं विनंती केली, कृपया बोलू नका. तुम्ही गप्प राहिलात तर भाग लागल्यावर मॅट स्मिथ आणि डेव्हिड टेनंट यांची एक खास चित्रफीत सगळ्यांसाठी देऊ. एवढं मोठं गुपित हातात असताना ते लोक गप्प राहिले, आणि चित्रफीत सगळ्यांना बघायला मिळाली. एकमेकांना न ओळखणारी माणसं, करार नाही, शिक्षेची भीती नाही. या मालिकेच्या चाहत्यांबद्दल मला अभिमान वाटतो तो अशा गोष्टींमुळे.

उलटही घडलंय. २०११ मध्ये नव्या भागांच्या आगाऊ खेळाला बोलावलेल्यांपैकी एकानं अख्खं कथानक लिहून टाकलं आणि मुख्य लेखक स्टीव्हन मॉफट यांनी त्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला. २०१४ मध्ये पाच भागांच्या संहिता बाहेर आल्या. पण मला सर्वांत लागलं ते २०१७ सालचं, कारण ते घरच्यांनीच केलं. त्या जूनमधल्या एका भागात रेझर नावाचा विचित्र, विनोदी म्हातारा आहे. अखेरीला तो मुखवटा काढतो आणि आतून निघतो जॉन सिम, जुना मास्टर. एवढा जाड मेकअप, एवढं बदललेलं बोलणं. आणि जॉन सिम परत येतोय हे बीबीसीनं एप्रिलमध्येच जाहीर करून ठेवलेलं! म्हातारा पडद्यावर आला की प्रेक्षक त्याच्या कपाळावर मेकअपची कड शोधायला लागतो. नटाची सगळी मेहनत वाया. जाहिरातीसाठी प्रेक्षकाचा शोध विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ कुणीच कुणाला काही सांगू नये असा मी घेत नाही. माझी मावशी गेल्या काही वर्षांत फार दुःखातून गेली आहे. ती माझ्याबरोबर भाग बघते, पण आधी विचारते, “यात कुणाचं लेकरू जातं का गं?” मी सरळ सांगते. जात असेल तर जातं म्हणून सांगते, मग ती ठरवते. कार्डिफच्या रस्त्यांवर चित्रीकरण चालतं तिथे तासन् तास उभे राहून फोटो काढणारे चाहतेही मला परके वाटत नाहीत. ज्यांना ते बघायचेत त्यांनी शोधून बघावेत. ज्यानं विचारलेलं नाही त्याच्या कानात ओतणं, एवढ्यालाच माझा विरोध.

गंमत म्हणजे मालिकेत हे सांगणारं एक पात्रच आहे. २००८ मध्ये आलेली रिव्हर साँग. तिचं आणि डॉक्टरचं आयुष्य उलट्या क्रमानं भेटत जातं. त्याची पहिली भेट ती तिची शेवटची. त्याचं पुढचं सगळं तिच्या निळ्या वहीत लिहिलेलं आहे, आणि तो विचारतो तेव्हा ती फक्त “स्पॉयलर्स” (म्हणजे पुढची गुपितं) एवढंच म्हणते. तिच्या जिवावर बेतलेलं असतानाही ती वही त्याच्यासमोर उघडत नाही. त्यानं ते जगायचं आहे, वाचायचं नाही, हे तिला कळतं.

३१ मे २०२५ च्या भागाचा शेवट मी इथे लिहिलेला नाही, कारण वर दिलेली सूचना २०१७ पर्यंतचीच होती. ज्यांनी तो पाहिलाय त्यांनी मला जरूर गाठावं. त्या शेवटच्या मिनिटाबद्दल मला बरंच बोलायचं आहे.