व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नरसाठी मत देताना: माझा अनुभव

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नर (राज्याचा प्रमुख) आणि लेफ्टनंट गव्हर्नर (त्याच्या खालचं पद) अशी जोडी नसते. शेजारच्या मेरीलँडमध्ये एकाच मतात दोघं निवडून येतात. इथे दोन मतं वेगवेगळी द्यायची. 2005 मध्ये गव्हर्नर डेमोक्रॅट टिम केन आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन बिल बोलिंग असंही झालंय. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, 40 जागा. 20-20 अशी बरोबरी झाली की बहुतेक विधेयकांवर निर्णायक मत लेफ्टनंट गव्हर्नरचं. त्यामुळे 2025 ला नुसता गव्हर्नर निवडून घरी यायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

खरी मेख नोंदणीत आहे. नुकतंच नागरिकत्व मिळालं असेल तर आधी डीएमव्हीतली (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्यातली) नोंद बदलून घ्या. ग्रीन कार्डच्या काळातलं ‘नागरिक नाही’ तिथे तसंच राहिलं, तर पुढे मतदार यादीतून नाव काढण्याची नोटीस येऊ शकते, आणि तिला 14 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरी भानगड मधल्या नावाची. लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर अर्जातही तसंच्या तसं लिहा. नोंदणीची मुदत हुकली तरी ऐनवेळी नोंदणी होते, पण मग तात्पुरती मतपत्रिका मिळते आणि ती पडताळणीनंतरच मोजली जाते. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र नोंदणीच्या किंवा मतदानाच्या वाटेला जाऊच नये. नागरिकत्वावर पाणी पडतं, प्रसंगी देशही सोडावा लागतो.

जूनची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, आपली मंडळी सर्रास सोडून देतात. पक्षाची नोंदणी इथे लागत नाही. टेबलावर कुठल्या पक्षाची पत्रिका हवी ते सांगायचं, एकच मिळते. 17 जूनला डेमोक्रॅट पक्षाचे सहा उमेदवार होते आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी 28 टक्क्यांहूनही कमी मतांवर पुढे गेल्या. फेरमतदान नसतं. नोव्हेंबरात त्याच जिंकल्या.

मुदतपूर्व मतदान 19 सप्टेंबरला सुरू झालं. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रारचं (मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं) मुख्य कार्यालयच उघडं असतं, पण रांग नसते. टेबलावर पूर्ण नाव आणि पत्ता विचारतात. आपलं आडनाव ऐकून समोरच्याची बोटं कळफलकावर थबकतात, तेव्हा स्पेलिंग सांगत बसण्यापेक्षा लायसन्स पुढे सरकवा. ओळखपत्र नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही चालते.

मतपत्रिका कागदी. लंबगोल पूर्ण काळा करा, बरोबरची खूण नको. चुकलं तर खाडाखोड न करता नवी पत्रिका मागा, देतात.

आई-बाबा मतदार असतील आणि इंग्रजी जड जात असेल, तर मदतनीसाचा फॉर्म भरून आपण सोबत बसू शकतो. मराठी पत्रिका नाही. 65 वर्षांवरच्यांना गाडीतच मत देता येतं. टपालाने पाठवायचं असेल तर आतल्या पाकिटावर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे आणि जन्मवर्ष घालायला विसरू नका. शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि पाकीट त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पोचायला हवं.