तुम्ही विचारलंत म्हणून: ऊसतोडीच्या बायका पिशवी का काढून घेतात?

मी सार्वजनिक आरोग्य शिकवते, त्यामुळे बीडकडच्या ऊसतोड कामगार स्त्रिया ऐन तिशीत गर्भाशयाची पिशवी का काढून घेतात, हा प्रश्न मला वर्गात, लग्नकार्यात आणि रेल्वेच्या प्रवासातसुद्धा विचारतात. विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: एक तर बायका अडाणी, नाही तर डॉक्टर लुबाडणारे. दुसऱ्या उत्तरात बरेच तथ्य आहे, पहिल्यात फार थोडे. मात्र ही दोन्ही उत्तरे दवाखान्याच्या दारापासून सुरू होतात, आणि तोवर निम्म्याहून अधिक गोष्ट घडून गेलेली असते.

२०१९ मध्ये या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नसतील, हे मान्य केले तरी एवढा फरक वयाच्या रचनेने भरून निघत नाही.

आता कामाच्या कराराकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावेच्या गावे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे टोळी पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि हंगामभर ती अंगमेहनतीने फेडायची असते. कामाचे एकक असते ‘कोयता’, म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेते. यातले एक माणूस बसले की दुसऱ्याचेही काम अडते. म्हणूनच एकट्या पुरुषाला उचल मिळणे कठीण, आणि मुलींची लग्ने लवकर उरकण्यामागे हेही एक कारण आहे. कामावर न आल्यास ‘खाडा’ पडतो आणि बहुतेक टोळ्यांत त्यासाठी पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम कापतात. आजारी एक जण पडतो, पण खाडा कोयत्याला लागतो.

याचा एक ढोबळ हिशेब मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडायला लावते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले, तर बुडालेली मजुरी ७३२ रुपये आणि खाड्याचे ५०० मिळून एका दिवसाच्या विश्रांतीची किंमत बाराशेच्या वर जाते. पाळीत अंगावरून फार जाते म्हणून महिन्याला दोन दिवस बसायचे ठरवले, तर पाच महिन्यांच्या हंगामात बारा हजार रुपये गेले. दोन हंगामांच्या या तोट्यात खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याचा खर्च बसतो. हा हिशेब त्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही. तो मांडून झाल्यावर अडाणीपणाचा मुद्दा वर्गात सहसा कोणी पुन्हा काढत नाही.

आजार येतो कुठून, तेही पाहायला हवे. कामगारांच्या मुक्कामाच्या तळावर ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे खोपट्या असतात. न्हाणीघर नसते, संडास तर नसतोच. बाई पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक उरकते आणि उजाडायच्या आत उसाच्या फडात पोहोचते. आडोशाला जायची सोय नसल्याने ती दिवसभर जपून, घोटाघोटाने पाणी पिते, मग लघवीला जळजळ सुरू होते. पाळीचे कापड बदलायला जागा नसते. ते धुतले तरी उन्हात उघड्यावर वाळत घालायची चोरी, त्यामुळे कोपीच्या आत कुबट, ओलसर राहिलेले कापडच पुन्हा वापरले जाते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आणि पुन्हा उतरायचे, असे ओझे बाळंतपणानंतर महिन्याभरातच सुरू झाले, तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. शिवाय वाहन रात्री अकराला आले तर भरणी रात्री अकराला होते. त्या वेळेवर तोडणाऱ्याचा काहीही ताबा नसतो.

पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे अशा तक्रारी घेऊन बाई उन्हाळ्यात गावाकडच्या दवाखान्यात जाते. जंतुसंसर्ग असेल तर दोन आठवड्यांची औषधे आणि नवऱ्यावरही उपचार, एवढ्याने काम भागू शकते. लहानशा गाठीला पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. पण तिला सोनोग्राफीचे चित्र दाखवून सांगण्यात येते, ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.’ या वाक्याला माझ्याकडे क्षमा नाही. तरीही ते इतके सहज पटते, कारण पुन्हा तपासायला यायला तिच्याकडे दिवस नसतात आणि पुढच्या हंगामाची तारीख ठरलेली असते. शस्त्रक्रियेचे पैसे बहुधा पुढच्या उचलीतून येतात, म्हणजे कर्ज वाढते आणि ते फेडायला ती पुरती बरी होण्याआधीच फडात उतरते. सोबत अंडाशयेही काढली असतील, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिला मात्र पुढची कित्येक वर्षे मोळ्या उचलायच्याच असतात.

गरिबी हेच या सगळ्याचे मूळ, असेही अनेक जण म्हणतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, त्यात उपाशी कोणीच नव्हते, सगळ्यांना पगार होता आणि मोफत सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासूनच होती. तरीही सर्वांत खालच्या पदावरच्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला आणि मधल्या प्रत्येक पायरीवर तो चढता होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्यातला फक्त काही भाग उलगडला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात साथरोगतज्ज्ञ मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की आपले काम कसे, कोणत्या क्रमाने आणि केव्हा करायचे यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार अधिक. आपल्या साखर कारखान्यात हीच उतरंड एका आवारात सापडते: वरच्या केमिस्टला आजारपणाची रजा आहे, कायम फिटरला भविष्य निर्वाह निधी आहे, आणि ज्यांच्या कोयत्यावर गाळप चालते त्यांचा मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ मध्येच झाला, पण मालकच नसेल तर प्रसूतीची रजा मागायची कोणाकडे?

२०१९ नंतर काहीच झाले नाही असे नाही. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घेण्याचे ठरले. परवानगीची अट मला योग्य वाटते, परंतु ती फक्त कात्री अडवते. तळावर संडास नाही आणि खाडा तसाच आहे, तोवर दुखणे घेऊन येणारी बाई दवाखाना बदलेल, जिल्हा बदलेल. तपासण्या होतात त्याही मुख्यतः गावाकडे, जायच्या आधी आणि परतल्यावर, तर दुखणे वाढते ते तीनशे किलोमीटर दूर, मधल्या पाच महिन्यांत.

म्हणून माझ्या मागण्या आरोग्य खात्याकडे कमी आणि साखर आयुक्तालयाकडे जास्त असतात. गाळप परवान्याच्या अटींत तळावरचे पाणी, न्हाणी आणि संडास यावेत. भरणीला रात्रीची एक शेवटची वेळ असावी. आजारपणाचा खाडा बेकायदा ठरावा. आणि कोयत्याची मजुरी दोघांत विभागून बाईचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा, कारण औषधाला पैसे मागताना आज तिला आधी नवऱ्याला विचारावे लागते आणि नवऱ्याला मुकादमाला.